झेलमकाठचे द्वंद्व : चित्रपट-कादंबऱ्यांतला अलेक्झांडर आणि त्याच्या लढाया

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक लूशिअन याने इतिहास कसा लिहावा या विषयावर एक छोटे, खोचक पुस्तक लिहिले. त्यात एक आख्यायिका येते. झेलम नदीतून नौका चाललेली असताना ॲरिस्टोब्युलस हा अलेक्झांडरच्या पदरचा लेखक त्याला आपल्या ग्रंथातील एक प्रकरण वाचून दाखवतो. त्यात अलेक्झांडर आणि पोरस यांचे समोरासमोर द्वंद्व रंगवलेले असते आणि अलेक्झांडर भाल्याच्या एका फेकीत हत्ती लोळवीत असतो. अलेक्झांडर ते पुस्तक घेऊन नदीत भिरकावतो आणि लेखकालाही त्याच्या पाठोपाठ पाण्यात टाकायला हवे असे बजावतो. ही हकिकत खरी असण्याचा संभव कमीच. ॲरिस्टोब्युलसने आपला ग्रंथ फार उतारवयात लिहायला घेतला अशी परंपरा आहे. तरीही लूशिअनला झालेले दुखण्याचे निदान अचूक होते. ते द्वंद्व काही नदीत बुडाले नाही. पुढची अठराशे-एकोणीसशे वर्षे ते निरनिराळ्या भाषांतून, रंगभूमीवरून आणि अखेर पडद्यावर पुन:पुन्हा वर येत राहिले.

चित्रपट आणि कादंबऱ्या यांतील अलेक्झांडरच्या युद्धांकडे पाहताना आम्हाला ऐतिहासिक चुकांची यादी करायची नाही. शिरस्त्राण कोणत्या काळातले, रिकीब तेव्हा होती की नव्हती, हे प्रश्न रंजक असले तरी दुय्यम आहेत. आमचा प्रश्न आकृतिबंधाचा आहे. हजारो माणसे, नदी, पाऊस, चिखल, धान्य आणि जनावरे यांनी मिळून घडलेली गोष्ट दोन राजांच्या झुंजीत का आटते, आणि ती तशी आटली म्हणजे तिच्यातून काय गळून पडते?

प्रथम साधनांचा विचार करू. अलेक्झांडरबरोबर फिरलेल्या कॅलिस्थेनीस, टॉलेमी, निआर्कस, ओनेसिक्रिटस प्रभृतींचे मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. इ.स.पू. ३२३ मध्ये बाबिलोन येथे मरण पावलेल्या या राजाविषयी आपण जे वाचतो ते डायोडोरस, कर्टिअस, प्लुटार्क, ॲरियन आणि जस्टिन यांचे. म्हणजे जवळपास तीन शतकांनंतरचे किंवा त्याहूनही उशिराचे. ॲरियन तर साडेचारशे वर्षांनी लिहीत होता. भारतीय बाजूने पाहावे तर प्राचीन वाङ्मयात या स्वारीचा स्पष्ट उल्लेख नाही. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ‘अलिकसुदर’ हे नाव येते खरे, पण तो अशोकाचा समकालीन असलेला दुसराच ग्रीक राजा. ‘पोरस’ हे नावही ग्रीकांनी ऐकलेले, बहुधा पौरव या कुलनामाचे रूप; त्या राजाचे स्वत:चे नाव इतिहासाला ठाऊक नाही. पडद्यावर दिमाखात वावरणारा ‘पुरू’ हा त्या अर्थाने अर्धा इतिहासाचा आणि अर्धा आपला आहे.

आता इ.स.पू. ३२६ मधील झेलमची लढाई ॲरियनने कशी सांगितली आहे ते पाहावे. नदीला पूर आहे. पलीकडच्या तीरावर पोरसचे हत्ती उभे आहेत आणि त्यांच्या वासाने, आवाजाने बुजणारे घोडे तराफ्यांवरून उतरणे अशक्य आहे. म्हणून अलेक्झांडर रात्रीमागून रात्री घोडदळाला काठाने दौडवतो, रणघोषणा करायला लावतो. पोरस प्रत्येक वेळी हत्ती घेऊन समांतर धावतो, आणि हूल आहे हे कळल्यावर धावायचे थांबतो. मग एका वादळी रात्री, क्रेटेरसला मुख्य छावणीत ठेवून, सुमारे ५,००० स्वार आणि ६,००० पायदळ वरच्या अंगाने नदी ओलांडते. आणि ज्याला पैलतीर समजले ते बेट निघाल्याने पुन्हा छातीभर पाण्यातून जावे लागते. पोरसचा मुलगा रथ घेऊन अडवायला येतो, पण पावसाने झालेल्या चिखलात रथ रुततात आणि तो मारला जातो. शेवटच्या टप्प्यात कोंडीत सापडलेले हत्ती आपले-परके न पाहता दोन्हीकडच्या माणसांना तुडवतात. पोरस उजव्या खांद्याला जखम झाली तरी बराच वेळ लढत राहतो. त्याला शरण आणण्यासाठी प्रथम तक्षशिलेचा राजा पाठवला जातो आणि हा जुना वैरी पाहताच पोरस त्याच्यावर भाला उगारतो.

या साऱ्या वृत्तांतात दोन्ही राजे एकमेकांवर शस्त्र चालवीत नाहीत. त्यांची भेट होते ती लढाई संपल्यावर. निकाल लावला तो प्रतीक्षेने, फसवणुकीने, पावसाने आणि चिखलाने. आकडेही मोजून घ्यावेत. ॲरियनच्या मते पोरसकडे ३०,००० पायदळ, ४,००० स्वार, ३०० रथ आणि २०० हत्ती होते. त्याचे सुमारे २०,००० पायदळ व ३,००० स्वार पडले, आणि अलेक्झांडरची बाजू अवघ्या तीनशे-सव्वातीनशे माणसांना मुकली. डायोडोरस भारतीय मृतांचा आकडा १२,००० वर आणतो आणि मॅसिडोनियाची हानी २८० स्वार व ७०० हून अधिक पायदळ अशी तिपटीने वाढवतो. जेत्याच्या दरबारातून निघालेला आकडा कसा वाचावा, हे शिकवायला याहून सोपा धडा क्वचितच सापडेल.

द्वंद्वाची प्रतिमा मात्र फार लवकर जन्मली. ब्रिटिश म्युझियममध्ये चांदीचे एक मोठे नाणे आहे, अलेक्झांडरच्या हयातीत किंवा मृत्यूनंतर लगेचच पाडलेले. त्यावर भाला रोखलेला एक घोडेस्वार, दोन स्वार पाठीवर असलेल्या हत्तीचा पाठलाग करतो आहे. बोटाच्या पेरात मावणाऱ्या जागेत तीस हजारांचे सैन्य कसे बसणार? तेथे एक घोडा आणि एक हत्तीच बसतो. पाँपेई येथे १८३१ मध्ये सापडलेले आणि आज नेपल्सच्या संग्रहालयात असलेले प्रसिद्ध कुट्टिमचित्र जागेच्या बाबतीत श्रीमंत आहे. त्यात भाल्यांचे रान आहे, कोसळणारे घोडे आहेत. पण त्याचा कणा एकच : डावीकडून झेपावणारा अलेक्झांडर आणि रथातून हात पुढे केलेला, डोळे विस्फारलेला दारयवहू. चित्रपटात ज्याला ‘क्लोज-अप’ म्हणतात त्याचा संस्कार या चित्राने दोन हजार वर्षे आधीच करून ठेवला होता.

पुढे ग्रीकमधील ‘अलेक्झांडर-कथा’ रचली गेली आणि अनेक भाषांत पसरली. तिच्यात द्वंद्व प्रत्यक्ष घडते. आपल्या सैन्याचा गोंगाट ऐकून पोरसचे लक्ष क्षणभर विचलित होते आणि अलेक्झांडर त्याला ठार करतो. फिरदौसीच्या ‘शाहनामा’त हाच पोरस ‘फूर’ होतो आणि सिकंदराच्या हातून असाच मरतो; शिवाय तेथे सिकंदर हा दाराचा सावत्र भाऊ ठरतो, म्हणजे इराण जिंकणारा परका उरतच नाही, घरचाच होतो. पराभव पचवण्याची ही एक रीत. झरथुष्ट्री धर्मपरंपरेने दुसरी रीत स्वीकारली; तिने त्याला ‘गुजस्तक’, म्हणजे शापित, म्हटले.

भारतीय नाटक-चित्रपटांनी तिसरी रीत पत्करली. त्यांनी पोरसला मारले नाही. त्याला वाक्य दिले. कैद झालेल्या राजाला कसे वागवावे असे विचारले असता ‘राजासारखे’ असे तो उत्तरतो, हा प्रसंग प्लुटार्क आणि ॲरियन दोघांनीही सांगितला आहे. त्यात अलेक्झांडरची उदारता शोभून दिसते म्हणून ग्रीक लेखकांनी तो जपला, आणि पोरसचा ताठ कणा दिसतो म्हणून आपण जपला. एकाच संवादावर दोन्ही पक्ष विजय मिरवू शकतात, असे प्रसंग रंगभूमीला वरचेवर मिळत नाहीत.

सोहराब मोदी यांच्या ‘सिकंदर’ (१९४१) या बोलपटाचे सामर्थ्य याच प्रसंगात आहे. मिनर्व्हा मूव्हिटोनच्या या चित्रपटात पृथ्वीराज कपूर सिकंदर झाले होते आणि पुरूची भूमिका मोदींनी स्वत: केली होती. संवाद पंडित सुदर्शन यांचे. ज्या पारशी परंपरेने सिकंदराला शापित ठरवले, त्याच परंपरेतील एका निर्मात्याने त्याला इतके देखणे रूप द्यावे आणि आपण मात्र त्याच्यासमोर उभ्या ठाकलेल्या राजाच्या भूमिकेत शिरावे, ही निवड बोलकी आहे. रुखसानाच्या भूमिकेत वनमाला होत्या. बारा वर्षांनी, १९५३ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’मध्ये मराठी प्रेक्षकांनी ज्यांना कायमचे ओळखले त्याच. चित्रपटातील रुखसाना पुरूला राखी बांधते आणि सिकंदराला इजा न करण्याचे वचन घेते. या राखीला कोणत्याही प्राचीन ग्रंथाचा आधार नाही. नाट्यदृष्ट्या मात्र तिचे काम मोठे आहे : पुरू हरला तो दुबळा म्हणून नव्हे, तर वचनाला जागला म्हणून, असे ती सिद्ध करते. पराभवाचे कारण चिखलातून उचलून नीतीत नेऊन ठेवले जाते. १९४१ साली, परक्या सत्तेखाली बसलेल्या प्रेक्षकाला हे किती भिडले असेल याची कल्पना करता येते. लष्करी छावण्यांतील काही चित्रगृहांत या चित्रपटावर बंदी आली, यावरून राज्यकर्त्यांनाही त्याचा रोख कळला होता असे दिसते.

चोवीस वर्षांनी ‘सिकंदर-ए-आझम’ (१९६५) आला. त्यात सिकंदर दारासिंग आणि पोरस पृथ्वीराज कपूर! एकाच नटाने एका पिढीच्या अंतराने दोन्ही मुकुट घातले. योगायोग म्हणून हे सोडून देता येईल, पण त्यातून या कथेची रचनाही उघडी पडते. दोन्ही भूमिका एकाच घडणीच्या आहेत : भारदस्त आवाज, ताठ मान, मानी उत्तर. समोरासमोर ठेवलेले दोन आरसेच. एकात सिकंदराचे तेज, दुसऱ्यात त्या तेजाला दिलेले उत्तर. सैन्य दोघांच्याही पाठीशी पडद्यासारखे उभे. २०१७-१८ मधील ‘पोरस’ या दूरचित्रवाणी मालिकेने तर दोघांची आयुष्ये बालपणापासून समांतर चालवली. जणू हे दोघे एकमेकांसाठीच जन्मले होते. प्रत्यक्षात झेलमच्या काठी येईपर्यंत अलेक्झांडरची आठ वर्षे मोहिमेत गेली होती, आणि त्यातला बहुतेक काळ पोरस हे नावही त्याच्या कानी नसणार.

पाश्चात्त्य चित्रपटांचा केंद्रबिंदू साहजिकच वेगळा. रॉबर्ट रॉसेनच्या ‘अलेक्झांडर द ग्रेट’ (१९५६) मध्ये रिचर्ड बर्टनचा अलेक्झांडर मुख्यत: बापाशी झगडतो, झेलमची लढाई त्यात नाहीच. २०२४ च्या नेटफ्लिक्स मालिकेनेही कथा दारयवहूविरुद्ध अलेक्झांडर अशीच बांधली. ऑलिव्हर स्टोनच्या ‘अलेक्झांडर’ (२००४) चा विचार मात्र गांभीर्याने करायला हवा. इतिहासकार रॉबिन लेन फॉक्स या चित्रपटाचे सल्लागार होते आणि घोडदळाच्या चढाईत ते स्वत: घोड्यावर बसले होते. इ.स.पू. ३३१ ची गॉगामेलाची लढाई येथे प्रथमच काहीशी ‘कळते’. आकाशातून गरुडाची नजर, मग जमिनीवर डावी फळी, मध्य, उजवी फळी अशा अक्षरपट्ट्या, आणि या साऱ्यावर पसरलेली धूळ. डायोडोरस व कर्टिअस यांनी त्या धुळीचे वर्णन केलेच आहे. जवळच्या माणसालाही काय चालले आहे ते दिसत नाही, हे रणांगणाचे सत्य स्टोनने दाखवले.

पण अखेर तेथेही गर्दी दुभंगते, वाट मोकळी होते आणि अलेक्झांडर दारयवहूच्या रोखाने झेपावतो. नेपल्सचे कुट्टिमचित्र जणू हलू लागते. याच लढाईविषयी बाबिलोनच्या ज्योतिष्यांनी कीलाक्षरांत लिहिलेली समकालीन नोंद उपलब्ध आहे. तीत भाला नाही, नजरानजर नाही. सैन्याने राजाची साथ सोडली आणि माणसे आपापल्या गावांकडे गेली, एवढेच ती कोरडेपणाने सांगते. ग्रीक इतिहासकारांचा राजा सैन्याला टाकून पळतो. बाबिलोनच्या विटेवर सैन्यच राजाला टाकून जाते. यातील दुसरी गोष्ट पडद्यावर आलेली आम्ही अजून पाहिलेली नाही.

झेलमचे काय झाले? स्टोनने ही लढाई थायलंडच्या दाट रानात चित्रित केली. पूर नाही, हूल नाही. अलेक्झांडरचा घोडा हत्तीसमोर मागच्या पायांवर उभा राहतो. म्हणजे ते चांदीचे नाणेच पुन्हा. छातीत बाण लागून तो कोसळतो आणि पडदा लालभडक होतो. तो बाण त्याला लागला होता, पण झेलमला नव्हे. काही महिन्यांनंतर, मालवांच्या (ग्रीकांच्या ‘मल्लोई’ लोकांच्या) गढीत. दोन प्रसंग एकत्र करणे ही पटकथेची नेहमीची काटकसर. पण या काटकसरीत नेमके काय वगळले गेले? ॲरियन सांगतो की राजा मेला असे समजून चवताळलेल्या सैनिकांनी त्या गढीतील सर्वांना कापून काढले. बायकामुलांनाही सोडले नाही. चित्रपटाने राजाची जखम घेतली आणि गढीतील माणसे वगळली.

आमच्या मते संपूर्ण विषयाचा मर्मबिंदू येथे आहे. अलेक्झांडरच्या मोहिमेत खुल्या मैदानावरच्या मोठ्या लढाया चारच : ग्रानिकस, इसस, गॉगामेला, झेलम. उरलेली वर्षे वेढ्यांची, डोंगरी गढ्यांची, शहरे जाळण्याची. इ.स.पू. ३३२ मध्ये टायरचा वेढा सात महिने चालला. ॲरियनच्या मते ८,००० मेले आणि ३०,००० गुलाम म्हणून विकले गेले, तर कर्टिअस किनाऱ्यावर क्रुसाला खिळलेल्या २,००० जणांची नोंद करतो. स्वातच्या खोऱ्यातील मसागा येथे तह करून बाहेर पडलेल्या भाडोत्री भारतीय सैनिकांना घेरून मारले गेले. डायोडोरस लिहितो की पडलेल्या पुरुषांची शस्त्रे उचलून बायका लढल्या. अलेक्झांडरवर लोभ असलेल्या प्लुटार्कलाही हा त्याच्या कीर्तीवरचा डाग वाटला. इ.स.पू. ३२५ मध्ये मकरानच्या वाळवंटात सैन्यामागून चाललेली बायकामुले एका रात्री अचानक आलेल्या लोंढ्यात वाहून गेली. अशा प्रसंगांना समोर उभा राहणारा तुल्यबळ राजा नसतो, मानी संवाद नसतो. द्वंद्वाच्या साच्यात ते बसत नाहीत. म्हणून ते गाळले जातात.

हा दोष केवळ चित्रपटाचा नाही. जयशंकर प्रसादांच्या ‘चंद्रगुप्त’ (१९३१) या श्रेष्ठ हिंदी नाटकात मालवांची ती गढी येते, पण तेथेही सिंहरण आणि सिकंदर यांची तलवारबाजी होते आणि घायाळ शत्रूला जीवदान मिळते. सावरकरांच्या ‘सहा सोनेरी पाने’ या ग्रंथाचा पहिला भाग याच काळाचा आहे. त्यांनी सिकंदराचे जगज्जेतेपद जोरकसपणे नाकारले. ग्रीक साधनांतील आत्मस्तुतीवर बोट ठेवणे योग्यच होते. पण जिंकला कोण, हाच प्रश्न मध्यवर्ती राहिला की उत्तर बदलूनही खेळाचा पट तोच राहतो. वर्गात हा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो : पोरस खरे म्हणजे जिंकला होता ना? विद्यार्थ्यांचा त्यात दोष नाही. आपण त्यांना दोनच माणसे दाखवली. मग त्यांतला एक जिंकायलाच हवा.

कादंबरीने काही वेगळे केले का? मेरी रेनॉच्या ‘द पर्शियन बॉय’ (१९७२) मध्ये निवेदक आहे बगोआस, आधी दारयवहूच्या आणि मग अलेक्झांडरच्या सेवेत असलेला षंढ तरुण. तो योद्धा नाही. युद्ध त्याच्यापर्यंत येते ते छावणीत : वाट पाहणे, अफवा, परत आलेली जखमी माणसे, रिकामे राहिलेले तंबू. लेखिकेचे आपल्या नायकावरचे प्रेम आंधळे आहे असा आक्षेप घेता येतो, आणि आम्हालाही तो मान्य आहे. तरीही निवेदकाची जागा बदलताच द्वंद्व विरघळते, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्याने ध्यानात घ्यावी. किपलिंगच्या ‘द मॅन हू वुड बी किंग’ (१८८८) या कथेत आणि तीवरील जॉन ह्यूस्टनच्या चित्रपटात (१९७५) तर अलेक्झांडर स्वत: नाहीच, त्याचे नाव वापरून राज्य बळकावणारे दोन भुरटे इंग्रज आहेत. विजेत्याची कीर्ती पुढल्या लुटारूंना कशी कामी येते, हे ही छोटी कथा अनेक भव्य चित्रपटांपेक्षा स्पष्ट दाखवते.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. नाटक-चित्रपटाला दोन तासांत माणसांची गोष्ट सांगायची असते. समूहाला चेहरा नसतो, प्रेक्षक चेहऱ्याशीच तादात्म्य पावतो. लूशिअननेही कवीला मोकळीक दिली होती, बंधन घातले ते इतिहासकाराला. हे आम्हाला मान्य आहे. पण समूहाला चेहरा नसतो हे खरे नाही. तो शोधावा लागतो. त्याच इ.स.पू. ३२६ मध्ये बियासच्या काठी सैन्याने पुढे जाण्यास नकार दिला. झेलमच्या लढाईत घोडदळाची एक तुकडी चालवलेला सेनानी सीनस तेव्हा उठून सैनिकांच्या वतीने बोलला. ॲरियनने त्याच्या तोंडी घातलेल्या भाषणात घरापासून किती जण निघाले आणि किती उरले याचा हिशेब आहे; मेलेले, जखमी, आजाराने संपलेले, परमुलखात नाइलाजाने वसवलेले. थोड्याच दिवसांत सीनस वारला. पडद्यावर हा नकार येतो तो बहुधा नायकाच्या शोकांतिकेतील एक अडथळा म्हणून; सीनसच्या बाजूने पाहिलेली कथा अद्याप कोणी केलेली आमच्या पाहण्यात नाही.

मराठीत आपण एखाद्याचे ‘नशीब सिकंदर’ आहे असे सहज म्हणून जातो. त्या नावातून लढाया केव्हाच उडून गेल्या आणि केवळ दैव उरले. भाषेचे हे चालायचेच, शब्द झिजतात. मात्र साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी एवढे तरी करावे : पुढच्या वेळी पडद्यावर दोन राजे समोरासमोर येतील तेव्हा त्यांच्या मागच्या चौकटीत कोण आहे ते पाहावे, आणि ती माणसे तेथवर कशी आली, त्यांनी काय खाल्ले, नदी कशी ओलांडली आणि त्यांतली परत किती गेली, हे प्रश्न वर्गात मोठ्याने विचारावेत. उत्तरे प्राचीन ग्रंथांत तुटक स्वरूपात का होईना, आहेत.